बोर्ड बदलल्यावर तपासणी दुसऱ्या माणसाकडून कधी करून घ्यायची?

अनुराधा_व

नमस्कार मंडळी. गेल्या आठवड्यात घरातला मुख्य स्विचबोर्ड बदलून घेतला. जुना बोर्ड लाकडी पाटीवरचा, किटकॅट फ्यूजवाला होता. त्याच्या जागी आता पत्र्याचा नवा डीबी, म्हणजे डिस्ट्रिब्युशन बोर्ड, आलाय. ६३ ॲम्पियरचा मेन एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच), ३० मिलिॲम्पियरचा आरसीसीबी (करंट गळून अर्थला गेला की पडणारा) आणि नऊ सर्किटांना नऊ एमसीबी. वायरमन ओळखीचा, हात स्वच्छ, बोलायला सरळ. दीड दिवस खपून काम केलं. जाताना प्रत्येक दिवा, पंखा, ओव्हन लावून दाखवला. आरसीसीबीचं टेस्ट बटन दाबलं, खट्कन पडला.

भावजय एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. तिने विचारलं, "तपासलं कोणी?" म्हटलं, त्यानेच. "म्हणजे कोणीच नाही," ती म्हणाली. तेव्हापासून ते वाक्य डोक्यातून जात नाहीये. सासऱ्यांचं म्हणणं आहे की सगळं चालतंय, मग तपासायचं काय? आणि त्या वायरमनला न दुखावता दुसऱ्या कोणाला बोलवायचं कसं, हेही कळत नाही.

मला नेमकं हे विचारायचंय: कुठल्या कामानंतर स्वतंत्र तपासणी हवीच आणि कुठल्या कामानंतर नको? एखादा एमसीबी बदलला तरी माणूस बोलवायचा का?

---

ओवी

वाचतेय. आमच्याकडे पुढच्या महिन्यात हेच काम निघालंय.

---

मेगरवाला

अनुराधाताई, सासऱ्यांचा प्रश्न बाजूला सारू नका. सगळ्या विषयाचं मूळ तिथेच आहे.

वायरिंगमधल्या चुका दोन जातींच्या. काही बोलक्या असतात. दिवा लागत नाही, एमसीबी टिकत नाही, प्लगमध्ये करंटच नाही. त्या वायरमन घरातून निघायच्या आत सापडतात, कारण त्या लपूच शकत नाहीत. आणि काही मुक्या. गीझरची हिरवी वायर अर्थ बारला (सगळ्या अर्थ वायरी जोडायची पट्टी) लागलेलीच नाही, तरी पाणी तापतं. फेज (वीज आणणारी) आणि न्यूट्रल (परत नेणारी) वायरींची अदलाबदल झालीय, तरी दिवा लागतो. फक्त बटण बंद केल्यावरही होल्डरपर्यंत फेज पोचलेली असते. अडीच चौरस मिलिमीटरच्या वायरीवर ३२ ॲम्पियरचा एमसीबी चढवलाय, तर घरचे उलट खूश, कारण "सारखा पडायचा तो थांबला". जुन्या बोर्डात न्यूट्रललाही फ्यूज असायचा. तो नव्या बोर्डात सुटा एमसीबी होऊन तसाच आला, तर तो पडल्यावर दिवा विझतो पण वायरीतली फेज जागच्या जागी राहते. आपण सर्किट बंद आहे असं समजून तिथे हात घालतो.

यातलं काहीही "सगळं लावून दाखवतो" म्हटल्यावर कळत नाही. टेस्ट बटनाबद्दल तर मुद्दाम लिहितो, कारण फार माणसं त्याच्या भरवशावर राहतात. ते बटन आरसीसीबीच्या आतल्याच एका रेझिस्टरमधून थोडा करंट वळवतं. आतला कळीचा भाग हलतो की नाही, एवढंच त्यातून समजतं. घरात अर्थिंगचा पत्ताच नसेल तरी बटन दाबल्यावर तो खट्कन पडणार.

म्हणून मी एकच प्रश्न विचारतो: हे काम चुकलं असेल तर ती चूक रोजच्या वापरात आपणहून कळेल का? उत्तर "नाही" असेल तर काम करणाऱ्याशिवाय दुसऱ्या कोणीतरी मीटर लावून बघितलंच पाहिजे. पूर्ण बोर्ड बदलणं त्यात आलंच, कारण घरातली प्रत्येक फेज, न्यूट्रल आणि अर्थ त्या दिवशी सुटून पुन्हा जोडली जाते. मुख्य अर्थच्या वायरीला किंवा जमिनीतल्या इलेक्ट्रोडला हात लावला, मीटरकडून येणारी केबल बदलली, सिंगल फेजचं थ्री फेज केलं, जुन्या वायरिंगवर पहिल्यांदाच आरसीसीबी बसवला, तर तपासणी हवीच. सोलर, जनरेटर किंवा गाडीचा चार्जर बोर्डाला जोडला तर अगदीच हवी. त्याच रेटिंगचा, त्याच प्रकारचा एक एमसीबी बदलला, प्लगची पुढची प्लेट बदलली, तर बाहेरचा माणूस नको. करणाऱ्याने स्वतः मोजून आकडा सांगावा, पुरे.

आता तुम्हाला दोन प्रश्न. मीटरपासून बोर्डापर्यंतची केबल बदलली का? आणि कव्हर लावायच्या आधीचा बोर्डाचा फोटो आहे का तुमच्याकडे?

---

तांब्याची_तार

मी बावीस वर्षं हेच काम करतोय. धागा वाचून थोडं लागलं, म्हणून लिहितो.

तपासणारा येतो, दोन-चार तास मीटर लावतो, चार चुका लिहून निघून जातो. त्याला अडचणीच्या कोपऱ्यात वाकून काम करावं लागत नाही. रात्री बारा वाजता घरात अंधार झाला की फोन मला येतो, त्याला नाही. मी केलेल्या कामाची जबाबदारी मी घेतो. आणि वायरमन मीटर वापरतच नाहीत असं कशावरून? माझ्याकडे मेगर (इन्सुलेशन मोजायचं मीटर) आहे, लूप टेस्टर (फेज अर्थला टेकल्यावर करंटच्या पूर्ण वाटेचा रोध मोजणारा) आहे, दर वर्षी कॅलिब्रेट करून घेतो. प्रत्येक बोर्डावर दुसरा माणूस आणायचा म्हणजे आमच्या शब्दाला किंमत काय राहिली?

---

मेगरवाला

दादा, तुमच्याकडे लूप टेस्टर आहे हे वाचूनच कळलं की तुम्ही कुठल्या दर्जाचं काम करता. दुसरा माणूस आणणं म्हणजे पहिल्यावर अविश्वास, असं माझ्या मनातही नाही. हिशेब लिहिणाराच ऑडिट करत नाही, तो प्रामाणिक असला तरी. आपण जे जोडलंय ते बघताना डोळ्यांना "असायला हवं ते" दिसतं. मी स्वतः जोडणी करतो तेव्हा माझंही काम दुसऱ्याकडून तपासून घेतो.

---

अनुराधा_व

मेगरवाला, मीटरपासूनची केबल बदललेली नाही, जुनीच आहे.

फोटो आहे, मुलाने सहज काढून ठेवला होता. मोठा करून बघितला. खाली डावीकडे अर्थ बार आहे, त्यावर हिरव्या वायरी. तीनदा मोजल्या. मेनकडून आलेली जाड वायर सोडून सात आहेत. सर्किटं नऊ.

आता पोटात गोळा आलाय. कव्हर काढून बघू का?

---

मेगरवाला

नका. कव्हर अजिबात काढू नका. मेन बंद केला तरी मेनच्या वरच्या टर्मिनलपर्यंत करंट येऊन उभा असतो, आणि पत्र्याचं कव्हर निघताना नेमकं तिथेच घासतं.

घाबरूनही जाऊ नका. दिव्यांच्या दोन सर्किटांच्या अर्थ वायरी कधीकधी एकाच स्क्रूखाली असतात, फोटोत त्या एक दिसतात. एखादी बारच्या मागून आलेली असू शकते. पण नवाला सात हा आकडा असा आहे की मोजल्याशिवाय सोडून देता येत नाही. तोवर ओव्हन, गीझर, वॉशिंग मशीन, म्हणजे धातूच्या अंगाच्या सगळ्या वस्तू प्लग काढून ठेवा. गीझर कायमचा जोडलेला असेल तर त्याचा एमसीबी खाली ओढून ठेवा.

केबल जुनी आणि मेन ६३ ॲम्पियरचा, हेही तपासायला सांगा. जुन्या घरांत मीटरकडून सहा चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आलेली असते. भिंतीतल्या पाइपमधून गेलेल्या तशा वायरीवर ६३ ॲम्पियरचा एमसीबी म्हणजे वायर भाजत राहील आणि एमसीबी शांत बसेल.

---

गणितप्रेमी

मेगरवाला ज्याला मुकी चूक म्हणतायत ती आकड्यांत मांडतो. मला स्वतःला आकडे बघितल्यावरच ही गोष्ट पटली होती.

घराचं अर्थिंग फक्त आपल्या जमिनीतल्या इलेक्ट्रोडवर आहे आणि फेज अर्थला टेकल्यावर पूर्ण वाटेचा रोध २० ओहम भरतो असं धरा. ओव्हनच्या आत फेज पत्र्याला टेकली तर करंट किती? २३० भागिले २०, म्हणजे ११.५ ॲम्पियर. ओव्हनचा एमसीबी १६ ॲम्पियरचा. त्याच्या दृष्टीने ११.५ म्हणजे रोजचंच ओझं, तो तासन् तास पडणार नाही. तोवर ओव्हनच्या पत्र्यावर जवळजवळ पूर्ण दाब. अर्थिंग आहे, एमसीबी आहे, दोन्ही नीट आहेत, आणि माणसाला शॉक बसतोय. अशा घरात वाचवणारी गोष्ट एकच, आरसीसीबी. त्याला ३० मिलिॲम्पियर पुरतात, त्यामुळे अर्थचा रोध खूप जास्त असला तरी तो पडतो. हिशेबाने स्पर्शाचा दाब ५० व्होल्टच्या आत ठेवायचा तर १६६६ ओहमपर्यंत चालतं. पण हिरवी वायर बारला लागलेलीच नसेल तर पत्र्यावरून करंटला वाटच नाही. मग आरसीसीबीला पहिला करंट दिसतो तो माणसाच्या अंगातून जाणारा.

जिथे वीजकंपनीच्या न्यूट्रलशीच अर्थ जोडलेली असते तिथे गणित बदलतं. तिथे एमसीबीने झटक्यात पडायचं असतं, २३० व्होल्टच्या नेहमीच्या सर्किटात ०.४ सेकंदाच्या आत. 'बी' प्रकारचा ३२ चा एमसीबी नक्की झटक्यात पडायला पाचपट करंट लागतो, १६० ॲम्पियर, म्हणजे लूपचा रोध १.४४ ओहमच्या आत हवा. 'सी' प्रकारच्या ३२ ला दहापट, ३२० ॲम्पियर, म्हणजे ०.७२ ओहमच्या आत. बोर्ड बदलताना 'बी' च्या जागी 'सी' बसला तर एमसीबीवरचा ३२ हा आकडा तोच राहतो आणि लूपच्या रोधाची परवानगी निम्मी होते. लूप टेस्टर लावल्याशिवाय हे कोणाला कळणार?

---

ओवी

बापरे. "एमसीबी आहे ना" एवढ्यावर आम्ही इतकी वर्षं निश्चिंत होतो.

एक शंका. वायरमन म्हणाला, "माझ्या ओळखीचा तपासणारा आहे, मीच घेऊन येतो." चालेल?

---

मृण्मयी

ओवी, माझा अनुभव सांगते, मग तूच ठरव.

आमच्या आधीच्या घरात बोर्ड बदलून दोन आरसीसीबी बसवले, एक खालच्या मजल्याला, एक वरच्या. जिन्यातला दिवा लावला की दोन्ही पडायचे. कारण आज माहीत आहे: जुन्या वायरिंगमध्ये जिन्याच्या दिव्याची फेज खालच्या सर्किटातून आणि न्यूट्रल वरच्या सर्किटातून घेतलेली. एका फ्यूज बोर्डावर असताना त्याने काहीच बिघडलं नव्हतं. आरसीसीबी आत जाणारा आणि बाहेर येणारा करंट ताडून बघतो, त्याला तो हिशेब जुळेना. काम करणाऱ्याने तासाभरात "दुरुस्त" केलं आणि गेला. पडणं थांबलं. त्याने ती दोन्ही सर्किटं आरसीसीबीच्या आधीच, थेट मेनच्या खाली जोडली होती.

दोन वर्षं आम्ही तसेच राहिलो. दर महिन्याला टेस्ट बटन दाबायचो, दोन्ही झकास पडायचे! पडत होते ते बाकीच्या सर्किटांसाठी. मुलांच्या खोलीतले प्लग त्या दोन सर्किटांपैकी एकावर होते. घर विकताना घेणाऱ्यांनी आपला तपासनीस आणला, त्याने अर्ध्या तासात दाखवून दिलं. मुलांच्या खोलीतल्या प्लगमध्ये त्याने टेस्टर खोचला, बटन दाबलं आणि काहीही झालं नाही. ती शांतता मला अजून आठवते.

बोर्ड बदलला तेव्हाही "तपासणी" झाली होती. त्याच ठेकेदाराच्या माणसाने केली होती.

---

मेगरवाला

ओवी, मृण्मयीताईंनी उत्तर दिलंच आहे. स्वतंत्र म्हणजे ज्याला तुम्ही निवडलंय, ज्याचे पैसे तुम्ही देता, आणि ज्याचं पुढचं काम त्या वायरमनच्या हातात नाही. शिवाय त्याने या कामाचं डिझाइन किंवा जोडणी केलेली नसावी. परवाना आणि कॅलिब्रेट केलेली मीटरं तर हवीतच. नुसता त्रयस्थ असून भागत नाही.

शक्यतो त्याला दोनदा बोलवा. भिंत लिंपायच्या आणि कव्हर लावायच्या आधी एकदा, पुरवठा बंद असताना. तेव्हा प्रत्येक अर्थ वायर टोकापर्यंत सलग आहे का ते बघतात, आणि इन्सुलेशन ५०० व्होल्ट डीसीवर मोजतात. किमान १ मेगओहम लागतो, नीट वायरिंग त्याच्या कितीतरी वर असतं. त्याआधी सगळ्या नाजूक वस्तूंचे प्लग काढून ठेवायचे, एलईडी ड्रायव्हर आणि सर्ज अरेस्टरही (दाब अचानक चढला तर वस्तू वाचवणारा भाग) सोडवायचे, नाहीतर तेच आकडा बिघडवतात. मग पुरवठा सुरू झाल्यावर फेज-न्यूट्रलची दिशा, प्रत्येक सर्किटाच्या शेवटच्या टोकाला लूप, आणि आरसीसीबी किती मिलिसेकंदांत पडतो ते. नेहमीच्या प्रकाराला ३० मिलिॲम्पियरवर ३०० मिलिसेकंदांची मर्यादा, पाचपट करंटला ४० ची.

अहवालात आकडे मागा. "ठीक" अशा नऊ खुणा केलेला कागद परत पाठवा. आणि आकडे असले तरी एकदा नजर फिरवा. नऊ सर्किटांची लूप एकसारखी ०.३५ लिहिली असेल तर मीटर पिशवीतून निघालंच नव्हतं. बोर्डाशेजारचा प्लग आणि गच्चीवरचा दिवा यांच्या वायरींची लांबी सारखी असूच शकत नाही.

---

सौरछंदी

दुसऱ्या पुरवठ्याबद्दल थोडं. मेगरवाल्यांनी सोलरचा उल्लेख केला, पण तिथली मुकी चूक सगळ्यात खोल असते असं मला वाटतं.

आमच्या बोर्डात बसबार (सगळ्या एमसीबींना वीज वाटणारी धातूची पट्टी) ६३ ॲम्पियरचा, वरून मेन ६३ चा. सोलरचा २० ॲम्पियरचा एमसीबी त्याच बसबारला लावला. आता वरून ६३ आणि सोलरकडून २० असे मिळून बसबारच्या एका तुकड्यातून ८३ ॲम्पियर जाऊ शकतात, आणि कुठलाच एमसीबी पडणार नाही, कारण प्रत्येकाला आपापला करंट मर्यादेतच दिसतो. आमच्या तपासणाऱ्याने हे कागदावर काढून दाखवलं तेव्हा ठेकेदारालाही पटलं आणि त्याने बसबार बदलला.

ग्रिडला, म्हणजे वीजकंपनीच्या पुरवठ्याला, जोडलेला सोलर इन्व्हर्टर ग्रिड गेल्यावर २ सेकंदांत आपोआप बंद व्हायला हवा. बॅटरीवाल्या इन्व्हर्टरला आणि जनरेटरला नीट चेंजओव्हर (एका वेळी एकच पुरवठा जोडणारा स्विच) हवा, नाहीतर आपल्या घरातून वीज उलटी रस्त्यावरच्या तारेत जाते. तिथे खांबावर कोणीतरी पुरवठा बंद आहे असं समजून काम करत असतो. त्या माणसासाठी तरी ही तपासणी कोणी टाळू नये, असं मनापासून वाटतं.

गाडीच्या चार्जरचंही तसंच. त्यातून गुळगुळीत डीसी गळती ६ मिलिॲम्पियरच्या वर गेली तर साधा आरसीसीबी बधिर होऊ शकतो. म्हणून चार्जरला 'बी' प्रकारचा आरसीसीबी लागतो, किंवा 'ए' प्रकारचा आणि सोबत ६ मिलिॲम्पियर डीसी ओळखणारी सोय. हे नसेल तरी गाडी छान चार्ज होते.

---

दूरदेशी

वेगवेगळ्या देशांनी ही रेषा कुठे आखली ते बघण्यासारखं आहे.

इंग्लंडमध्ये २००५ पासून घरगुती विजेच्या कामाला इमारत नियमांचा 'पार्ट पी' लागू आहे. २०१३ मध्ये यादी बरीच आखूड केली, पण बोर्ड बदलणं कळवायच्या कामांतच राहिलं. नोंदणीकृत इलेक्ट्रिशियन आपलं काम स्वतः प्रमाणित करू शकतो. नोंदणी नसलेल्याने केलं तर स्थानिक बांधकाम विभाग किंवा त्रयस्थ प्रमाणक लागतो. फ्रान्समध्ये १९७२ च्या आदेशापासून नवीन घराला वीज मिळण्याआधी अनुपालनाचा दाखला 'कोंसुएल' या संस्थेकडून मान्य करून घ्यावा लागतो. न्यूझीलंडच्या २०१० च्या नियमावलीत कामं जोखमीनुसार विभागलेली आहेत. जास्त जोखमीच्या कामाला करणाऱ्यापेक्षा वेगळ्या तपासनीसाची सही लागते. साध्या कामाला करणाऱ्याचा दाखला चालतो.

आयईसी ६०३६४-६ हे आंतरराष्ट्रीय मानक प्रत्येक नव्या किंवा बदललेल्या जोडणीची तपासणी मागतं, पण ती कुशल माणसाने करावी एवढंच म्हणतं. तो वेगळाच असावा अशी सक्ती करत नाही. त्यामुळे कायद्याने लागतं का आणि शहाणपणाने लागतं का, हे दोन निराळे प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर आपापल्या वीजकंपनीकडे आणि विद्युत निरीक्षकाकडे विचारावं. दुसऱ्यासाठी मेगरवाल्यांची कसोटी मला जास्त पटते.

---

तांब्याची_तार

दोन दिवस पुन्हा पुन्हा वाचतोय. माझी एक गोष्ट सांगायची राहिली होती. सांगितली पाहिजे असं वाटतं.

काही वर्षांपूर्वी एका घराचा थ्री फेज बोर्ड बदलला. उशीर झाला होता, घरात लहान बाळ, लोकांना वीज हवी होती. टॉर्चच्या उजेडात मुख्य न्यूट्रल बसवला, स्क्रू आवळला, ओढून बघितलं, घट्ट. सगळं लागलं. दोन दिवसांनी फोन आला की दिवे भगभगतायत, टीव्हीतून धूर आला. जाऊन उघडलं. स्क्रू घट्टच होता, पण वायरीच्या काळ्या इन्सुलेशनवर. मी दोन-तीन मिलिमीटर कमी सोललं होतं. तांबं जेमतेम काठाला टेकत होतं, तापून तापून ते इन्सुलेशन वितळलं आणि न्यूट्रल सुटला. न्यूट्रल सुटल्यावर तिन्ही फेजांचा तोल जातो. जिथे लोड कमी तिथे दाब चढतो, तो थेट ४०० च्या दिशेने जातो. टीव्ही, फ्रिज, दोन चार्जर गेले. मी सगळं भरून दिलं. बाळाच्या खोलीतला दिवा त्याच फेजवर होता, ते मात्र डोक्यातून गेलं नाही.

त्या संध्याकाळी ताज्या डोळ्यांचा कोणी शेजारी उभा असता तर त्याला टर्मिनलात काळं दिसलं असतं. मला दिसलं नाही. म्हणून आधी जे लिहिलं ते मागे घेतो.

आता टॉर्क स्क्रूड्रायव्हर (ठरलेल्या जोराने आवळणारा) वापरतो, उत्पादकाने डब्यावर दिलेल्या आकड्याला. सैल जोडात ०.०५ ओहमचा रोध राहिला आणि त्यातून ३० ॲम्पियर गेले तर तिथे ४५ वॅट उष्णता होते, सोल्डरिंग आयर्नएवढी, बंद डब्यात, रोज. एमसीबीला त्यातलं काहीच दिसत नाही.

अनुराधाताई, वायरमनला कसं सांगायचं ते आमच्या बाजूने सांगतो. चोरून तपासू नका. त्याला फोन करा, म्हणा, "अमुक दिवशी तपासणारे येतायत, तुम्हीही या." चांगला असेल तर येईल. कव्हर त्यालाच काढू द्या, जे निघेल ते त्याच्यासमोर निघू दे आणि त्याच्याच हाताने दुरुस्त होऊ दे. आणि ओवीताई, तुमचं काम सुरू व्हायचंय, तर बोलणी करतानाच सांगून टाका. शेवटचा हप्ता अहवालानंतर, हेही तेव्हाच ठरवा. मग कोणाला वाईट वाटायचं कारण राहत नाही.

---

मृण्मयी

दादा, हे लिहिल्याबद्दल तुमचे आभार. मोठं मन लागतं.

---

अनुराधा_व

तपासणी काल झाली. सविस्तर लिहिते, कारण तुम्ही सगळ्यांनी इतका वेळ दिलात.

तांब्याची_तार यांनी सांगितलं तसंच केलं. आमचा वायरमन आला, थोडा गप्प होता, पण आला. तपासणाऱ्या बाई परवानाधारक, आमच्या दोघांच्याही ओळखीच्या नाहीत. आधी पुरवठा बंद केला, मग मेनच्या वरच्या बाजूला करंट कुठवर आहे ते टेस्टरने बघून तिथे इन्सुलेटेड पट्टी लावली आणि मगच हात घातला.

दिव्यांच्या दोन अर्थ वायरी खरंच एका फेरूलमध्ये (वायरीच्या टोकाला दाबायची धातूची नळी) एकत्र होत्या, त्यामुळे सातच्या आठ झाल्या. नववी सापडेना. बाईंनी मीटरची एक पिन अर्थ बारला आणि दुसरी ओव्हनच्या प्लगमधल्या अर्थच्या भोकाला लावली. बाकी सर्किटांना आकडा यायचा, इथे पडद्यावर नुसती उघड्या वाटेची खूण. वायरमननेच मग एमसीबींच्या पट्टीमागे बोटं घालून ती बाहेर काढली. हिरवी वायर, चार बोटं आखूड पडलेली, टोकाला टेप गुंडाळून मागे दुमडलेली. तो म्हणाला, पहिल्या दिवशी संध्याकाळी ती पोचत नव्हती, उद्या जोड लावू म्हणून टेप लावून ठेवली आणि दुसऱ्या दिवशी विसरला. त्याचा चेहरा बघवत नव्हता. मी त्याला एवढंच म्हटलं की बरं झालं आज सापडली. त्याने तिथेच नीट क्रिंप करून जोड दिला आणि वायर बारवर आणली. पुन्हा मोजलं, ०.१९ ओहम.

तुम्ही सांगितल्यावर प्लग काढेपर्यंत तो ओव्हन रोज चालला होता. माझी मुलगी ओल्या हाताने त्याचं दार उघडते.

मेनचंही मेगरवाला म्हणाले तसंच निघालं. मीटरकडून आलेली वायर सहा चौरस मिलिमीटरची, मीटरजवळचा फ्यूजही मोठाच. केबल बदलेपर्यंत ३२ चा मेन बसवलाय, दोन मोठी उपकरणं एकदम लावू नका म्हणून सांगितलंय. आरसीसीबी ३० मिलिॲम्पियरला २४ मिलिसेकंदांत पडला. इन्सुलेशन सगळीकडे चांगलं. एका टर्मिनलचा स्क्रू ठरलेल्या टॉर्कला आवळताना अर्धा फेरा फिरला, म्हणजे सैल होता.

अहवालाची एक प्रत बोर्डाच्या दाराला आतून चिकटवलीय. सासऱ्यांनी चष्मा लावून पूर्ण वाचला. सर्किट ७ च्या, म्हणजे ओव्हनच्या, ओळीवर बोट ठेवून, दुरुस्तीआधीच्या त्या खुणेचा अर्थ विचारला. मी सांगितला. थोडा वेळ तिथेच उभे राहिले, मग म्हणाले, "पुढची तपासणी कधी, ते लिहून घे." ते मात्र मी बाईंना विचारायला विसरले. कोणी सांगेल का?

---

मेगरवाला

ताई, हे वाचून फार बरं वाटलं. तुमच्या वायरमनलाही माझा निरोप द्या, समोर उभं राहून स्वतःची चूक स्वतः बाहेर काढणं सोपं नसतं.

आयईसी ६०३६४-६ मध्ये राहत्या घरांसाठी १० वर्षांसारखी लांब मुदत सुचवलीय, आणि घरात राहणारे बदलले की तपासणीची आग्रहाने शिफारस आहे. तुमचं आतलं वायरिंग जुनं आहे, तर मी पाचव्या वर्षी बोलवेन. केबल बदलाल तेव्हा त्याच बाईंना पुन्हा बोलवा, मुख्य वायर सुटते म्हणजे तपासणी नव्याने. आरसीसीबीचं बटन दर तीन महिन्यांनी दाबा. सासऱ्यांना सांगा, तारीख पेन्सिलने अहवालाखाली लिहीत चला.